पोकरमधल्या सक्तीच्या पैजा: ब्लाइंड, अँटी, स्ट्रॅडल आणि ब्रिंग-इन

पोकर नव्याने शिकणारा माणूस पत्त्यांच्या उतरंडीत फारसा अडत नाही. जोडी, दोन जोड्या, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस हे तासाभरात डोक्यात बसतं. तो अडतो त्याच्याही आधी, पानं वाटायच्या वेळी. डीलर त्याच्याकडे बघून म्हणतो, "बिग ब्लाइंड तुमचा." आता किती टाकायचे? टाकलेले परत मिळतात का? पुढे कुणी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, तर हे पैसे त्यात धरायचे की वेगळे द्यायचे? पैसे आधी आपण भरले, मग बोलायला सुरुवात आपल्या डावीकडच्यापासून का झाली?

या गोष्टी कुणी नीट बसून सांगत नाही, आणि खेळ चालू असताना विचारायला संकोच वाटतो. म्हणून इथे सगळं पहिल्यापासून घेऊ. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी भरावीच लागणारी पैज. उदाहरणं टेक्सस होल्डमची आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. स्टड हा पोकरचा वेगळा प्रकार आहे, तो नंतर येईल. आकडे शक्यतो एकच धरू: स्मॉल ब्लाइंड १० चिप्स, बिग ब्लाइंड २० चिप्स.

सक्ती हवीच कशाला?

समजा, सक्तीची पैज नाहीच. सगळ्यांना दोन-दोन पानं मिळाली, मध्ये पॉट, म्हणजे सगळ्यांच्या पैजांचा ढीग, रिकामा. जिंकण्यासारखं काहीच नाही, मग साधारण पानांवर धोका कोण पत्करेल? पानं टाकायची आणि पुढच्या डावाची वाट बघायची, हेच शहाणपणाचं. वाट बघायला काही लागतच नसेल तर माणूस थेट एक्क्यांच्या जोडीपर्यंत थांबेल. ती जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. आणि इतका वेळ गप्प बसलेल्या माणसाने अचानक पैज लावली की बाकीचे मुकाट्याने पानं टाकतील. खेळ तिथेच संपला.

आता ब्लाइंड आणा. टेबलावर नऊ जण आहेत. नऊ डावांचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाला एकदा १० आणि एकदा २०, म्हणजे ३० चिप्स भराव्याच लागतात. २२१ डाव म्हणजे साडेचोवीस फेरे, म्हणजे सुमारे ७३५ चिप्स, जवळजवळ ३७ बिग ब्लाइंड. एक्क्यांची वाट बघण्याची ही किंमत. आणि ते आल्यावर सगळ्यांनी पानं टाकली तर मिळणार किती? ३०.

सक्तीच्या पैजेची सगळी करामत या हिशोबात आहे. पॉटमध्ये भांडण्याजोगं काहीतरी असतं आणि थांबून राहण्याला किंमत पडते. पोकरमधली आक्रमकता, थापा, चोरटे रेझ हे सगळं यातूनच उगवतं. ब्लाइंडकडे दंड म्हणून बघणारा खेळाडू हा खेळ उशिरा शिकतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक सक्तीच्या पैजेला तीन प्रश्न

ब्लाइंड, अँटी, स्ट्रॅडल, ब्रिंग-इन अशी नावं बरीच आहेत. पण कुठलीही नवी सक्तीची पैज समोर आली की तीनच गोष्टी विचारायच्या. ती कोणी भरायची? भरलेली रक्कम माझ्या पैजेत धरली जाते, की ती नुसती पॉटमध्ये जाते? आणि तिच्यामुळे बोलायची पाळी कुणापासून सुरू होऊन कुणाकडे संपते?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पैजेत धरल्या जाणाऱ्या रकमेला लाइव्ह म्हणतात, नुसती पॉटमध्ये जाणारी ती डेड. ब्लाइंड लाइव्ह असतो, अँटी डेड असते. नवख्यांच्या निम्म्या चुका हा फरक न कळल्याने होतात.

पायरी १: आधी बटन शोधा

टेबलावर एका खेळाडूसमोर गोल तबकडी असते, ते बटन. पानं वाटायला वेगळा डीलर असला, तरी नियमाच्या दृष्टीने त्या डावाचा वाटणारा म्हणजे बटनवाला. डाव संपला की बटन एक खुर्ची डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकतं. बटनाच्या लगेच डावीकडे स्मॉल ब्लाइंड, त्याच्या डावीकडे बिग ब्लाइंड. स्मॉल ब्लाइंड बहुतेक ठिकाणी बिग ब्लाइंडच्या निम्मा असतो.

टेबलावर बसल्यावर पहिली नजर बटनावर टाकायची सवय लावा. आपला ब्लाइंड कधी येणार हे कुणी सांगण्याआधी आपल्याला माहीत हवं.

पायरी २: एक डाव सावकाश बघू

सहा खुर्च्या धरा. बटन एक नंबरकडे आहे. दोन नंबर १० टाकतो, तीन नंबर २० टाकतो. दोघांनीही अजून पान पाहिलेलं नाही. चिप्स पॉटमध्ये ढकलायच्या नाहीत, आपल्यासमोरच पुढे ठेवायच्या. बेटिंगची फेरी संपल्यावर डीलर त्या ओढून घेतो.

पानं वाटली. बोलायला सुरुवात चार नंबरपासून, कारण ब्लाइंडवाले दोघे पैसे भरून आधीच "बोलले" आहेत. चार नंबरपुढे तीन वाटा: पानं टाकणं, २० भरून कॉल करणं (समोरच्या पैजेइतकी रक्कम भरणं), किंवा रेझ. रेझ करायचं तर किमान एकूण ४० पर्यंत. चेक, म्हणजे काही न भरता पाळी पुढे देणं, मात्र करता येत नाही, कारण समोर २० ची पैज उभी आहे. ती पत्ते न बघता लागलेली असली तरी पैजच आहे.

चार नंबरने पानं टाकली. पाच नंबरने २० भरले. सहाने आणि बटनवाल्या एकने पानं टाकली. आता दोन नंबर. त्याचे १० आधीच आत आहेत, त्यामुळे त्याला आणखी १० च भरायचे. ते त्याने भरले. राहिला तीन नंबर, बिग ब्लाइंड. त्याचे २० पूर्ण आहेत, कुणी रेझ केलेलं नाही. तरी फेरी संपलेली नाही. त्याला अजून बोलायचा हक्क आहे, यालाच ऑप्शन म्हणतात. तो चेक करू शकतो किंवा रेझ करू शकतो. इथे नवखे दोन चुका करतात. एक म्हणजे सवयीने पानं टाकून देतात, खरं तर त्यांना पुढची तीन पानं फुकट बघायला मिळणार होती. दुसरी म्हणजे चांगली पानं हातात असूनही आपली पाळी आहे हेच लक्षात न आल्याने गप्प राहतात. बिग ब्लाइंडवर असाल आणि सगळ्यांनी नुसता कॉल केला असेल तर डीलर तुमच्याकडे बघेल. स्पष्ट "चेक" म्हणा किंवा "रेझ" म्हणा.

तीन नंबरने चेक केलं. पॉटमध्ये ६० चिप्स. फ्लॉप पडला, म्हणजे सगळ्यांसाठीची पहिली तीन पानं मध्ये उघडली. आता पाळीचा क्रम बदलतो: बटनाच्या डावीकडून जो पहिला खेळात आहे तो आधी बोलतो. म्हणजे दोन नंबर, मग तीन, मग पाच. ब्लाइंडवाले पहिल्या फेरीत शेवटी बोलले होते, पुढच्या तिन्ही फेऱ्यांत ते सगळ्यांच्या आधी बोलणार. हे नीट लक्षात घ्या, खाली पैशांचा हिशोब करताना लागेल. या फेऱ्यांत चेक करता येतं, आणि पैज लावायची तर किमान बिग ब्लाइंडइतकी, म्हणजे २०.

आता याच डावात थोडा बदल करू. पाच नंबरने कॉल न करता एकूण ६० पर्यंत रेझ केलं असतं तर? दोन नंबरला आणखी ५० लागले असते, तीन नंबरला ४०. कुणाला पुन्हा रेझ करायचं असतं तर किमान १०० पर्यंत, कारण आधीची वाढ २० वरून ६० म्हणजे ४० ची होती, आणि नवी वाढ निदान तितकी हवी.

चिप्सबद्दल एक सावधगिरी. समोर २० ची पैज आहे आणि तुम्ही काही न बोलता १०० ची एकच चिप पुढे टाकली, तर तो कॉल धरला जातो, बाकीचे परत मिळतात. रेझ करायचं असेल तर चिप हातातून सुटण्याआधी तोंडाने म्हणा.

सगळ्यांनी पानं टाकली आणि बिग ब्लाइंडपर्यंत कुणीच पैसे भरले नाहीत, तर तो डाव त्याचाच. स्वतःचे २० परत आणि वर स्मॉल ब्लाइंडचे १०. पानं दाखवायची गरज नाही.

पायरी ३: दोघेच उरले की नियम फिरतो

दोघांच्या खेळात बटनवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो आणि समोरचा बिग ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी बटनवाला पहिला बोलतो, फ्लॉपनंतर शेवटी. सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण नेहमीचाच नियम लावला असता, तर बटनवाल्याकडे बिग ब्लाइंड गेला असता आणि प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचा फायदाही त्यालाच मिळाला असता. म्हणून हा बदल.

तिघांवरून दोघांवर येताना डीलर कधीकधी बटन मुद्दाम सरकवतो. कुणालाही लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड भरावा लागू नये एवढाच त्यामागचा हेतू.

पायरी ४: अँटी

अँटी म्हणजे प्रत्येकाने दर डावाला पॉटमध्ये टाकायची छोटी रक्कम. ती डेड असते. २ चिप्स अँटी दिलीत आणि समोर २० ची पैज आली, तर कॉलला पूर्ण २० लागतात, १८ नाही. जुन्या ड्रॉ पोकरमध्ये आणि स्टडमध्ये अँटीवरच खेळ उभा असायचा. होल्डममध्ये मुख्य काम ब्लाइंड करतो, अँटी वरून येते, आणि ती जास्त करून टूर्नामेंटमध्ये दिसते.

प्रत्येकाकडून दर डावाला अँटी गोळा करण्यात वेळ जायचा. कुणी विसरायचं, कुणाला सुटे हवे असायचे, "कोणाची राहिली?" यावर वाद व्हायचा. त्यावर तोडगा म्हणून २०१८ च्या सुमारास मोठ्या स्पर्धांमध्ये बिग ब्लाइंड अँटी पसरली. यात सगळ्या टेबलाची अँटी एकटा बिग ब्लाइंडवाला भरतो, बहुधा एक बिग ब्लाइंड इतकी. पाळी सगळ्यांवरच येत असल्याने फेऱ्याअखेर हिशोब सारखा होतो, आणि दर तासाला जास्त डाव होतात. मला ही सुधारणा मनापासून आवडते.

नवख्याची गफलत मात्र इथे हमखास होते. बिग ब्लाइंडवर बसून तुम्ही ४० टाकलेत, २० ब्लाइंडचे आणि २० अँटीचे. कुणीतरी ५० पर्यंत रेझ केलं. तुम्हाला किती लागतील? ३०. दहा नव्हे. अँटीचे २० पॉटचे झाले, पैजेत फक्त ब्लाइंडचे २० धरले जातात. गोंधळ टाळायचा तर दोन्ही रकमा वेगवेगळ्या ठेवा. अँटी पॉटच्या बाजूला, ब्लाइंड आपल्यासमोर.

चिप्स पुरत नसतील तर

बिग ब्लाइंड २० आहे आणि तुमच्याकडे १२ च उरल्यात. त्या १२ टाकायच्या आणि तुम्ही ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून मोकळे. पण बाकीच्यांना १२ वर कॉल करता येत नाही. त्यांच्यासाठी पैज २० चीच राहते. प्रत्येकाच्या १२ चिप्स मुख्य पॉटमध्ये जातात, वरच्या ८ बाजूच्या पॉटमध्ये. तुम्ही फक्त मुख्य पॉट जिंकू शकता.

बिग ब्लाइंड अँटी असेल तर आणखी एक गुंता होतो. समजा तुमच्याकडे २५ चिप्स आहेत, आणि भरायचे आहेत २० अधिक २०. आधी ब्लाइंड कापला तर २० लाइव्ह आणि ५ अँटी. जिंकलात तर कॉल करणाऱ्या प्रत्येकाकडून २० मिळतील. आधी अँटी कापली तर फक्त ५ लाइव्ह, आणि जिंकूनही प्रत्येकाकडून ५ च. फरक मोठा आहे आणि दोन्ही पद्धती चालतात. चिप्स कमी होत आल्या असतील तर हा नियम आयोजकाला आधीच विचारून ठेवा, प्रसंग आल्यावर नाही.

पायरी ५: टूर्नामेंटमधले वाढते ब्लाइंड

कॅश गेममध्ये, म्हणजे जिथे चिप्सची किंमत थेट पैशांत असते तिथे, ब्लाइंड ठरलेलाच राहतो. टूर्नामेंटमध्ये ठरावीक मिनिटांनी लेव्हल बदलते आणि ब्लाइंड वाढतो, नाहीतर स्पर्धा संपणारच नाही. नवी लेव्हल पुढच्या डावापासून लागू होते, आणि पत्ते पिसायला सुरुवात झाली की डाव सुरू झाला असं धरलं जातं. घड्याळ वाजलं तेव्हा पिसणं सुरू झालं असेल, तर तो डाव जुन्याच ब्लाइंडवर.

१०/२० च्या लेव्हलला १,५०० चिप्स म्हणजे ७५ बिग ब्लाइंड, आरामात खेळण्याइतक्या. त्याच १,५०० चिप्स ५०/१०० च्या लेव्हलला १५ बिग ब्लाइंड होतात. तुम्ही एक चिपही हरला नाहीत, तरी गरीब झालात. म्हणून टूर्नामेंटमध्ये चिप्स मोजताना आकडा बघू नका, त्यात किती बिग ब्लाइंड बसतात ते बघा.

याहून नेमकं माप म्हणजे एम. आपल्या चिप्सना एका फेऱ्याच्या खर्चाने भागायचं. ब्लाइंड १००/२०० आणि वर २०० अँटी असेल तर फेऱ्याला ५०० लागतात. तुमच्याकडे ३,००० आहेत, तर एम ६. काहीही न खेळता तुम्ही सहा फेरे टिकाल, आणि तोवर लेव्हल वाढली तर तितकेही नाही. एम असा खाली आला की चांगल्या पानांची वाट बघायची चैन परवडत नाही. हे माप पॉल मॅग्रीएल या बॅकगॅमन आणि पोकर खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूच्या आडनावावरून ओळखलं जातं.

पायरी ६: उशिरा आलात, मध्येच उठलात

कॅश गेममध्ये नव्याने बसलात की दोन पर्याय असतात. बिग ब्लाइंड तुमच्यापर्यंत येईतो थांबायचं, किंवा लगेच बिग ब्लाइंडइतकी रक्कम भरून खेळात यायचं. ती रक्कम लाइव्ह असते, म्हणजे पैजेत धरली जाते. घाई नसेल तर थांबा. बिग ब्लाइंड भरायचाच आहे, मग त्याच्याबरोबर येणारे पुढचे सगळे डावही मिळू देत. एक अपवाद आहे: बटन नुकतंच तुमच्यावरून पुढे गेलं असेल आणि तुम्ही बटनाच्या लगेच उजव्या हाताला असाल, तर तिथे भरून आत येणं वाईट नाही. ब्लाइंडच्या खुर्चीपेक्षा ती जागा कितीतरी चांगली, कारण फ्लॉपनंतर तुमच्यामागे जास्तीत जास्त एकच जण बोलायचा असतो.

चहापाण्याला उठलात आणि तेवढ्यात दोन्ही ब्लाइंड तुमच्यावरून गेले, तर परत आल्यावर मधूनच खेळायचं असल्यास दोन्ही भरावे लागतात: २० लाइव्ह आणि १० डेड. फक्त स्मॉल ब्लाइंड चुकला असेल तर बहुधा १० डेड. हा नियम नसता तर लोक ब्लाइंड आला की उठले असते आणि गेला की परत बसले असते. ऑनलाइन खेळात आपला बिग ब्लाइंड येईपर्यंत थांबायचं काम "बिग ब्लाइंडपर्यंत थांबा" असा पर्याय करतो. तो चालू ठेवा.

टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड चुकवता येत नाही. तुम्ही खुर्चीत नसलात तरी तुमच्या चिप्समधून तो कापला जातो आणि पानं टाकली जातात. मधला कुणी बाद झाला तर तिथे डेड बटनाची पद्धत लागते, म्हणजे बिग ब्लाइंड कधीही कुणाला वगळून पुढे जात नाही, बटन आणि स्मॉल ब्लाइंड मात्र रिकाम्या खुर्चीवर येऊ शकतात. समजा बिग ब्लाइंडवालाच बाद झाला. पुढच्या डावात बिग ब्लाइंड त्याच्या डावीकडच्याकडे जातो, स्मॉल ब्लाइंड रिकाम्या खुर्चीवर पडतो, म्हणून तो कुणीच भरत नाही. त्याच्याही पुढच्या डावात बटन त्या रिकाम्या खुर्चीसमोर दिसतं. हे दिसलं तर डीलरची चूक समजू नका.

पायरी ७: स्ट्रॅडल आणि बॉम्ब पॉट

स्ट्रॅडल ऐच्छिक असतो, पण एकदा टाकला की टेबलासाठी सक्तीच्या पैजेसारखाच वागतो. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा खेळाडू पानं बघण्याआधी दुप्पट, म्हणजे ४० टाकतो. तो लाइव्ह असतो. बोलायला सुरुवात त्याच्या डावीकडून होते, आणि पहिल्या फेरीत शेवटचा शब्द बिग ब्लाइंडऐवजी त्याचा. काही ठिकाणी बटनावरूनही स्ट्रॅडल चालतो, तिथे पाळीचा क्रम जागेजागी बदलतो.

नवख्यांनी स्ट्रॅडल टाकू नये. ज्या खुर्चीला एरवी काहीच भरायचं नसतं तिथून तुम्ही आपणहून सगळ्यात मोठा ब्लाइंड भरता, आणि फ्लॉपनंतर बोलायची वेळही लवकर येते. शिवाय २,००० चिप्स घेऊन बसलेल्याकडे १०० बिग ब्लाइंड होते, ते एका क्षणात ५० झाले. टेबलावर सगळेच टाकत असतील तर नाही म्हणायला संकोचू नका.

बॉम्ब पॉट म्हणजे सगळ्यांनी ठरलेली अँटी टाकायची आणि पहिली फेरी न खेळता थेट फ्लॉप उघडायचा. मजेचा प्रकार आहे, शिकायचा नव्हे.

पायरी ८: स्टडमधलं ब्रिंग-इन

सेव्हन कार्ड स्टडमध्ये बटन नाही, ब्लाइंड नाही. आधी सगळे अँटी टाकतात. मग प्रत्येकाला दोन पानं पालथी आणि एक उघडं मिळतं. ज्याचं उघडं पान सगळ्यात लहान, त्याने ब्रिंग-इन ही छोटी पैज भरायचीच. दोघांकडे दुर्र्या असतील तर रंगाने ठरतं: किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम आणि वर इस्पिक. म्हणजे किलवर दुर्री दिसली की भरणारा पक्का. इथून डावीकडे बोलत जायचं. पुढच्या पानापासून मात्र ज्याची उघडी पानं सगळ्यात भारी तो आधी बोलतो. रॅझमध्ये, जिथे लहान पानं जिंकतात, हे उलटं: सगळ्यात मोठं उघडं पान असलेला ब्रिंग-इन भरतो.

ओमाहा या पोकरच्या आणखी एका प्रकारात ब्लाइंड होल्डमसारखेच.

आता खरा प्रश्न: भरलेले पैसे कुणाचे?

ब्लाइंड टाकला त्या क्षणी तो तुमचा उरला नाही. "माझे २० आहेत आत, असे कसे सोडू?" हा विचार नवख्याला सगळ्यात महाग पडतो. ते पैसे वाचवायचे नसतात, कारण ते गेलेलेच आहेत. मात्र त्यांच्यामुळे पुढचा कॉल स्वस्त होतो, हे खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत.

हिशोब बघू. बटनवाल्याने ५० पर्यंत रेझ केलं, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली. पॉटमध्ये ५० अधिक १० अधिक तुमचे २०, म्हणजे ८०. तुम्हाला आणखी ३० भरायचे. कॉलनंतर पॉट ११० होईल. ३० भागिले ११०, म्हणजे साधारण २७ टक्के. चार डावांत एकाहून थोडं जास्त जिंकलात तरी कॉल वसूल. वर २० ची अँटी असती तर ३० भागिले १३०, सुमारे २३ टक्केच. म्हणूनच अँटी आली की बिग ब्लाइंडवरून जास्त पानं खेळायची असतात.

पण हे टक्के पूर्ण हातात येत नाहीत. फ्लॉपनंतर तुम्ही आधी बोलणार, समोरचा तुमचं बघून ठरवणार. बऱ्याचदा जिंकणारी पानंही पुढच्या पैजेला घाबरून टाकावी लागतात. म्हणून कागदावर २७ टक्के पुरत असले तरी सत्ती-दुर्रीसारख्या पानांवर कॉल करू नका. जवळजवळची किंवा एकाच रंगाची पानं, कुठलीही जोडी, एक्का असलेली पानं, इथपर्यंत ठीक.

बिग ब्लाइंडवर तुम्ही दरवेळी पानं टाकलीत तर त्या खुर्चीत शंभर डावांना १०० बिग ब्लाइंड जातील. कसलेले खेळाडूही या खुर्चीत एकूण तोट्यातच असतात. त्यांचं कसब तोटा कमी ठेवण्यात दिसतं. त्यामुळे "बिग ब्लाइंडवर नेहमी हरतो" म्हणून निराश होऊ नका. १०० च्या जागी ४०-५० गेले तर तुम्ही चांगलं खेळताय.

स्मॉल ब्लाइंड त्याहून फसवा. वरच्या डावात दोन नंबरला ६० च्या पॉटसाठी १० च भरायचे होते, सहावा हिस्सा. स्वस्त वाटतं, पण फ्लॉपनंतर सगळ्यांत आधी बोलायची ही खुर्ची टेबलावरची सगळ्यात अवघड जागा आहे. सुरुवातीचे काही महिने इथून कमीच खेळा.

याची दुसरी बाजू म्हणजे इतरांचे ब्लाइंड उचलणं. तुम्ही बटनावर आहात, सगळ्यांनी पानं टाकलीत. ५० पर्यंत रेझ करून ३० जिंकायला बघता. दोघांनीही पानं टाकायला हवीत, आणि ते ८० पैकी ५०, म्हणजे ६२.५ टक्के वेळा झालं तर पानं कशीही असोत, तोटा नाही. वर २० अँटी असेल तर ५० जिंकायला ५०, मग निम्म्या वेळा पुरे. ब्लाइंडमध्ये कोण बसलंय, तो सारखी पानं टाकतो का, हे बघत राहायचं कारण हेच.

कॅश गेममध्ये सगळ्यांनी पानं टाकली आणि दोन ब्लाइंडवालेच उरले, तर कधी ते आपापले पैसे परत घेऊन डाव सोडतात. चालत असेल तिथे हरकत नाही, पण एकदा ठरवलं की दरवेळी तसंच करायचं. भारी पानं आली की खेळायचं आणि एरवी परत घ्यायचं हे कुणाला खपत नाही. टूर्नामेंटमध्ये हे चालतच नाही.

सराव कसा करावा

तिघे-चौघे घेऊन बसा, चिप्स नसतील तर काड्या किंवा बटणं चालतील. पहिले वीसेक डाव सगळी पानं उघडी ठेवून खेळा. प्रत्येक डावात पानं वाटण्याआधी एकाने मोठ्याने सांगायचं: बटन कोणाचं, कोण किती भरतं, पहिला कोण बोलणार. कुणी रेझ केलं की दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी कॉलला किती लागतील आणि पुन्हा रेझ करायचं तर किमान कितीपर्यंत, हे आधी सांगायचं, मग चिप्सला हात लावायचा. मग अँटी घाला. मग एकाला मुद्दाम बाद करून बटन कुठे जातं ते बघा. शेवटी दोघेच खेळा आणि पाळीचा क्रम उलटतो तो हाताखालून जाऊ द्या. पानं पालथी करून खेळायला त्यानंतर सुरुवात करा.